समुद्राच्या चित्रातले आकाश

परतूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. दुधनेचे खोरे, काळी माती, कापूस-सोयाबीन-तुरीची शेते आणि मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग, असा हा मुलूख. इथल्या वाचकापुढे टर्नर, ऐवाझोव्स्की किंवा मोने यांची सागरचित्रे ठेवली, तर ‘आम्ही समुद्र पाहिलाच कुठे?’ असा प्रश्न येणार, आणि तो रास्तही आहे. पण या प्रश्नामागचे गृहीत तपासायला हवे. सागरचित्रात समुद्र रंगवलेला असतो, म्हणून ते समजायला समुद्राशी ओळख लागते, असे आपण धरून चालतो. एकोणिसाव्या शतकातल्या थोर सागरचित्रांच्या बाबतीत हे बरेचसे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या चित्रांचा खरा विषय हवेतून येणारा उजेड आहे, आणि पाणी त्या उजेडाला जागते. पावसाची वाट पाहत ज्याने वर्षानुवर्षे आभाळ न्याहाळले, त्याची ही चित्रे वाचण्याची निम्म्याहून अधिक तयारी आधीच झालेली असते.

समुद्राचे चित्र मराठवाड्याला नवे नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या कथेतले तीन शिडांचे जहाज आहे, सतराव्या लेण्यात सिंहलाच्या कथेत जहाज फुटून व्यापारी पाण्यात पडतात. पाचव्या शतकाच्या सुमाराच्या या भित्तिचित्रांत पाणी आहे, जलचर आहेत, माणसांच्या चेहऱ्यावरचे भय आहे. क्षितिजाची रेघ मात्र नाही. सूर्य कोणत्या अंगाला आहे हे कळत नाही, आणि दिवसाची वेळही सांगता येत नाही. हा दोष मुळीच नव्हे. कथेला समुद्र हवा होता तो संकटाचे ठिकाण म्हणून, आणि तेवढे काम चित्रकाराने उत्तम केले आहे. पुढे तेराशे वर्षांनी जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला. पुण्याच्या दरबारात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली, आणि पुण्याच्या गंगाराम तांबट या चित्रकाराची त्याला साथ मिळाली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची मुंबई बेटाची आणि परिसराची बारा दृश्ये १८०० मध्ये छापून निघाली. या दृश्यांत खाडी, बेटे, गलबते आणि किनारा जिथल्या तिथे आहेत, मुंबई कशी होती हे त्यांवरून समजते. आकाश आहे, पण ते पार्श्वभूमी म्हणून. नकाशा जसा ठिकाण सांगतो तसे ते चित्र ठिकाण सांगते. पुढच्या पन्नास वर्षांत हा क्रम उलटला, ठिकाण मागे पडले आणि उजेड पुढे आला.

इथे कोणी म्हणेल की सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी क्षितिज खाली ओढून आकाशाला चित्राचा दोन तृतीयांश भाग कधीच देऊन टाकला होता, मग एकोणिसाव्या शतकाचे नवे ते काय? जागा दिली होती हे मान्य. तरी त्या चित्रांत सहसा जहाज, बंदर किंवा लढाई हा धनी असतो आणि आकाश त्याची साथ करते. जहाज झाकले तर चित्राला फारसे कारण उरत नाही. टर्नरच्या उत्तरायुष्यातल्या कित्येक चित्रांत जहाज झाकले तरी चित्र उभे राहते. फ्रेंच चित्रकार कूर्बेने १८६९ पासून एत्रताच्या किनाऱ्यावर लाटांची जी चित्रमाला रंगवली, तिच्यातल्या काही चित्रांत तर झाकायला जहाजच नाही. एक लाट, वर जड ढग, एवढेच.

आता मुख्य पुराव्याकडे येतो, आणि तो चित्रकलेच्या बाहेरचा आहे. पाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग परत फिरतो आणि उरलेला आत शिरतो. किती परत फिरतो, हे आपण कोणत्या कोनातून पाहतो यावर ठरते. शांत पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर जेमतेम २ टक्के प्रकाश परततो. लंबापासून ६० अंश कललेल्या नजरेला सुमारे ६ टक्के, ८० अंशांना ३५ टक्क्यांच्या आसपास, आणि नजर पाण्याला जवळजवळ घासून जाऊ लागली की बहुतेक सगळाच. पावसाळ्यात दुधनेच्या काठावर उभ्या माणसाला पायाशी मातकट पाणी दिसते. त्याच नदीचे पाणी पलीकडच्या काठाजवळ रुपेरी किंवा निळसर दिसते. नदी एकच आणि गाळही तोच, फरक फक्त नजरेच्या कोनाचा. डोळे पाण्यापासून साधारण दीड मीटर उंचीवर असतील, तर दहा मीटरवरचे पाणीच ८० अंशांपलीकडे जाते. समुद्रकिनाऱ्यावरून पाहणाऱ्या चित्रकारापुढचा जवळजवळ सगळा समुद्र त्याहून दूर असतो. त्यामुळे त्याच्या चित्रात वरच्या अर्ध्यात आकाश असते आणि खालच्या अर्ध्यातही बव्हंशी आकाशच असते, फक्त लाटांनी मोडलेले.

‘मोडलेले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समुद्र सपाट असता तर क्षितिजाशी पाणी आणि आकाश एकमेकांत मिसळून गेले असते, रेघ उरलीच नसती. वाऱ्याने लाटा उठतात आणि आपल्याला त्यांच्या आपल्याकडे कललेल्या बाजू अधिक दिसतात. त्या बाजू क्षितिजालगतचे फिकट आकाश दाखवत नाहीत, बऱ्याच वरचे गडद आकाश दाखवतात, शिवाय प्रकाशही कमी परत करतात. म्हणून वाऱ्याच्या दिवशी समुद्र त्याला टेकलेल्या आकाशापेक्षा गडद दिसतो आणि क्षितिज ठसठशीत होते. वारा पडला, धुके आले, की ते विरते. मावळत्या सूर्याचा पाण्यावरचा पट्टाही याच नियमाने चालतो. निश्चल पाण्यात सूर्याची एकच वाटोळी प्रतिमा पडते. पाणी हलले की तिचे असंख्य तुकडे होऊन उभा पट्टा तयार होतो, आणि तो नेहमी सूर्याच्या बरोबर खाली, पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. नवशिके चित्रकार तो तिरका काढतात आणि चित्र फसते. चांगल्या सागरचित्रात क्षितिजाची रेघ किती धारदार आहे आणि सूर्याचा पट्टा किती रुंद आहे यावरून वाऱ्याचा अंदाज करता येतो.

चित्रकारांनी ही समीकरणे मांडली नव्हती. पण आकाशाचा अभ्यास त्यांनी कसा केला याची नोंद आहे. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधव्यावसायिकाने १८०२ मध्ये ढगांचे वर्गीकरण मांडले, आजही हवामानशास्त्र त्याच पायावर उभे आहे. जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला डझनावारी ढग रंगवले, आणि अनेक चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ‘आज वारा कुठला, ढग कसला, पाणी येणार की नाही’ हे रोज विचारणाऱ्या शेतकऱ्याला ही नोंदवही ओळखीची वाटेल. टर्नरचे १८३९ चे ‘फायटिंग टेमेरेर’ याच दृष्टीने पाहावे. भंगारात निघालेली जुनी युद्धनौका डावीकडे फिकट, जवळजवळ पारदर्शक. तिला ओढणारी वाफेची बोट काळी आणि ठोस. उजवीकडे धगधगता सूर्यास्त. आकाशाची डावी बाजू थंड निळसर आहे आणि उजवी तापलेली, आणि खालचे पाणी डावीउजवीकडे तीच विभागणी पाळते. ही नौका टेम्स नदीतून पश्चिमेकडे ओढत नेली जात होती, त्यामुळे सूर्यास्त तिच्या मागच्या बाजूला येणे भूगोलाला धरून नाही, अशी टीका झाली आहे आणि ती योग्यही आहे. टर्नरने दिशा बदलली. आकाश आणि पाणी यांचे नाते मात्र त्याने मोडले नाही, आणि कोणती गोष्ट त्याला अधिक खरी वाटत होती ते यातून उघड होते.

कॅमेऱ्याची साक्ष याहून बोलकी आहे. १८५० च्या दशकातल्या छायाचित्राच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर जागत. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे पडे, आणि आकाश सांभाळावे तर समुद्र काळाठिक्कर. फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे याने आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन काचा जोडून, १८५७ च्या सुमारास, समुद्राची गाजलेली छायाचित्रे छापली. यंत्र दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पकडू शकत होते, त्यांचे नाते पकडणे त्याला जमत नव्हते. तेच नाते चित्रकार हाताने साधत होते.

सर्वांत गंभीर आक्षेप भारतातून आला आणि त्याचा पत्ता मुंबई बंदराचा आहे. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी म्हटले होते. १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली आणि त्यांना हे पटेना. पाण्यावरून परततो तो प्रकाश विशिष्ट कोनात ध्रुवीभूत असतो. निकोल लोलकातून पाहून त्यांनी तो अडवला, तेव्हा समुद्राची निळाई नाहीशी न होता उलट अधिक खुलली. मुंबई बंदरात पोचताच त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र धाडले. पाण्याचा स्वतःचा रंग असतो हे त्यातून सिद्ध झाले. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला निळा विखरून परत देते, असे आज आपण सांगतो. मग माझे म्हणणे कोसळते का? मला तसे वाटत नाही. रामन बोटीच्या उंच डेकवरून खोल पाण्याकडे बरेच खाली पाहत होते, आणि परतणारा प्रकाश त्यांनी मुद्दाम कापून टाकला होता. किनाऱ्यावरच्या चित्रकाराची नजर आडवी असते आणि त्याच्या हाती लोलक नसतो. शिवाय पाण्याचा स्वतःचा रंग जिथे दिसायला हवा तिथे या चित्रकारांनी तो दाखवला आहे. ऐवाझोव्स्कीच्या १८५० च्या ‘नववी लाट’ या सव्वातीन मीटर रुंदीच्या चित्रात उभ्या राहिलेल्या लाटेच्या पातळ माथ्यातून मागचा उजेड आरपार येतो आणि लाट हिरवी होते. लाट उभी झाली, की नजरेचा पाण्याशी असलेला कोन बदलतो आणि आतला रंग बाहेर येतो. मागे, दूरवर, पाणी पुन्हा आकाशाच्या ताब्यात जाते. ऐवाझोव्स्कीने समुद्राची हजारो चित्रे रंगवली, आणि तीही बहुतेक कार्यशाळेत बसून, स्मरणातून. हलती लाट समोर ठेवून रंगवता येत नाही अशी त्याची धारणा होती. लाटेत उजेड कुठून शिरतो आणि कुठून निघतो हे पक्के ठाऊक असल्याशिवाय अशी स्मरणशक्ती उपयोगी पडत नाही.

दुसरा आक्षेप रंगांच्या दुकानातला. कोबाल्टचा निळा १८०२ मध्ये तयार झाला, क्रोमचा झगझगीत पिवळा त्यानंतर थोड्याच वर्षांत बाजारात आला. अजिंठ्याचा निळा ज्या लाजवर्द खड्यापासून केलेला होता, तो शतकानुशतके अफगाणिस्तानातून येई आणि फार महाग पडे. फ्रान्समध्ये त्याच रंगाचा स्वस्त कृत्रिम पर्याय शोधण्यासाठी ६००० फ्रँकचे बक्षीस लावले गेले आणि ते १८२८ मध्ये गिमे याला मिळाले. १८४१ मध्ये जॉन रँडने पत्र्याची रंगाची नळी काढली आणि तैलरंग खिशात घालून किनाऱ्यावर जाणे सोपे झाले. तेव्हा सगळी किमया रसायनांची, असे म्हणता येईल. रसायनांचा वाटा मोठा आहे हे मी नाकारत नाही, नळीशिवाय मोने बंदरावर बसून इतक्या झपाट्याने रंगवू शकला नसता. पण कॉन्स्टेबलचे ढग गिमेच्या निळ्याच्या आणि रँडच्या नळीच्या आधीचे आहेत. पाहण्याची रीत आधी बदलली आणि बाजार मागून धावला.

तिसरा आक्षेप ज्वालामुखींचा. इंडोनेशियातला तांबोरा १८१५ मध्ये फुटला आणि क्राकाटोआ १८८३ मध्ये. त्यांची सूक्ष्म धूळ आणि गंधकाचे कण पृथ्वीभर पसरून कित्येक महिने संध्याकाळी लाल होत राहिल्या. ग्रीसच्या झेरेफोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जुन्या चित्रांतल्या सूर्यास्तांच्या रंगांची मोजणी करून मोठ्या उद्रेकांनंतर लालीचे प्रमाण वाढल्याचे दाखवले. २०२३ मध्ये ऑलब्राइट आणि हायबर्स या संशोधकांनी टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतला वाढता धूसरपणा लंडन-पॅरिसच्या कोळशाच्या धुराशी जुळतो असे मांडले. काहींना यामुळे चित्रकाराची प्रतिभा उणी झाल्यासारखी वाटते. मला तर हा माझ्या बाजूचा पुरावा वाटतो. हवेत काय मिसळले आहे हे चित्रावरून ओळखता येत असेल, तर ते चित्र हवेचे आहे. टर्नरच्या डोळ्यांत दोष होता, म्हणून त्याला तसे दिसले, असे लीब्राइख या नेत्रवैद्याने १८७२ मध्ये सुचवले होते. पण दोष असेल तर तो समुद्र पाहतानाही होता आणि कॅनव्हास पाहतानाही, मग तो चित्रात वेगळा कसा उतरेल?

हवेत काय मिसळले आहे ते ओळखायला परतूरच्या माणसाला कोणाची शिकवणी लागत नाही. वैशाखातले आभाळ पांढुरके असते, कारण मातीचे कण प्रकाशाच्या लहरींपेक्षा मोठे असतात आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतात. हवेचे अतिसूक्ष्म रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चौपट विखरतात, म्हणून पावसाने धूळ खाली बसवली की आभाळ एकदम गर्द निळे होते. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याचा प्रकाश माथ्यावरच्या मानाने सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो, वाटेत निळा गळतो आणि तांबूस उरतो. जून महिन्यात मळभ भरून आल्यावर शिवारावर पडणारा चमत्कारिक पिवळा उजेड, आभाळ एका बाजूने काळे आणि दुसरीकडून उन्हाने पेटलेले, ही दृश्ये टर्नरच्या जवळची आहेत. त्याखाली समुद्र नसून बांध आणि बाभळी असतात एवढेच.

पाणी असले तरी ते समुद्राचेच असायला हवे असे नाही, याचा दाखला कोल्हापुरात आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८८० च्या दशकात शिकले, पुढे शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहिले. १९३१ मध्ये ते वारले. कोटितीर्थाचे तळे, त्यावरचा सकाळ-संध्याकाळचा उजेड, काठची झाडे हा त्यांचा आवडता विषय. रंगाचे लहान लहान फटकारे आणि ठिपके शेजारी ठेवून ते उजेड उभा करत. त्यांची ही पद्धत पाहून फ्रान्सच्या दृक्प्रत्ययवाद्यांची आठवण काढली जाते. कोल्हापूरला बसून एका तळ्याच्या आधारे ते त्याच प्रश्नाला भिडले होते. तळे म्हणजे समुद्र नव्हे, हे खरे. भरतीची ताकद, मोठ्या लाटेचा बाक, फुटलेल्या पाण्याचा फेस तिथे नाही, आणि या गोष्टींपुरता किनाऱ्यावर वाढलेला माणूस आपल्यापेक्षा पुढे राहणारच. टर्नरचे १८४२ चे हिमवादळात सापडलेल्या बोटीचे चित्र पाहताना ही उणीव जाणवेल. तिथे आकाश आणि पाणी यांत फरकच उरत नाही, आणि ते गरगरणे ज्याने अंगावर घेतले आहे त्याला अधिक कळेल. कोटितीर्थाच्या शांत पाण्यावर मात्र उजेडाचा हिशेब समुद्रापेक्षा स्वच्छ मांडता येतो.

घरोघरी पोचलेली त्या काळाची चित्रे रविवर्म्यांची. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रविवर्म्यांचे धाकटे बंधू राजराजा वर्मा निसर्गचित्रात वाकबगार होते. रविवर्म्यांनी १९०६ मध्ये समुद्राचा गर्व हरण करणारा राम रंगवला, त्यात खवळलेला समुद्र आणि अंधारलेले आकाश आहे. पण तिथे मान रामाचा आहे, समुद्र त्याच्यापुढे नमायला आलेला आहे. अजिंठ्याच्या जहाजाशी या चित्राचे नाते टर्नरपेक्षा जवळचे आहे, असे मी म्हणेन, आणि त्यात कमीपणा मानत नाही.

परतूरला बसून मूळ चित्रे पाहायला मिळणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप. मोबाइलच्या पडद्यावर रंग बदलतात, आकार आक्रसतो, रंगाचा जाड थर सपाट होतो. हे नुकसान भरून निघणारे नाही. तरी आकाश आणि पाणी यांचे परस्परांशी असलेले प्रमाण छापील कागदावर आणि पडद्यावरही बऱ्यापैकी टिकते, आणि हा लेख त्या प्रमाणाबद्दलच आहे. मोनेचे १८७२ चे ल आव्र बंदरातले सूर्योदयाचे चित्र मोबाइलवर उघडून कृष्णधवल करून पाहावे. नारिंगी सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, कारण मोनेने त्याला भोवतालच्या करड्या आकाशाइतकाच उजळ ठेवला आहे, फक्त रंगाने वेगळा केला आहे. रंगीत चित्रात तो सूर्य थरथरल्यासारखा भासतो त्याचे कारण हेच. मग निम्न दुधना प्रकल्पाच्या जलाशयाचा एखादा सकाळचा फोटो तसाच कृष्णधवल करून क्षितिजालगतचे आकाश, दूरचे पाणी आणि पायाशी असलेले पाणी यांची गडदता एकमेकांशी ताडून पाहावी. वारा असलेल्या दिवसाचा एक आणि वारा पडलेल्या दिवसाचा एक, असे दोन फोटो असतील तर उत्तम.